कर्ता नसलेलं वाक्य

बर्फाची पिशवी आपल्या मुलीच्या गुडघ्यावर नीट बसवून प्रशिक्षकाने रिमोट उचलला आणि नववा भाग लावला.

"आता खरी गंमत. कप्तानाचं भाषण ऐक. सोळाव्या वर्षी आरशापुढे उभा राहून म्हणायचो मी ते."

"तरीच तुझं लग्न उशिरा जमलं," टिटवी म्हणाली.

टिटवी हे नाव त्यानेच ठेवलेलं, तिच्या लांब काटकुळ्या पायांवरून. ती चिडली की तो म्हणायचा, अगं, टिटवीसुद्धा समुद्र आटवते. त्या पायांनी ती आता स्पर्धांत उंच उडी मारायची, आणि उद्या निवड चाचणी होती. डॉक्टरांनी गुडघ्याला सहा आठवडे विश्रांती सांगितलेली. डॉक्टर राईचा पर्वत करतात, असं म्हणून त्याने तो कागद खणात सरकवला होता. पोरीची जिद्द पेटावी म्हणून त्याने आपली लाडकी जुनी अ‍ॅनिमे मालिका बाहेर काढली. काळीकुट्ट गोष्ट होती. शहराभोवती भिंत, भिंतीबाहेर सावल्या, आणि सावल्यांशी लढायला पाठवलेली लहान मुलं. मुलांचा राखाडी कोटवाला कप्तान हे त्याचं तेव्हाचं दैवत. कॉलेजात असताना जपानी शब्दकोश पुढ्यात घेऊन त्याने चार महिने खपून मालिकेला मराठी सबटायटल्स लिहिली होती. पडद्यावर आत्ता तीच उमटत होती.

'आपण थांबत नाही. आपण पडलो तरी भिंत पडत नाही.'

अंगावर काटा येईल म्हणून तो वाट बघत राहिला. आला नाही. रांगेच्या टोकाला एक मुलगी उभी होती. शिरस्त्राण मोठं होत असल्याने ती ते दोन्ही हातांनी पुन्हापुन्हा वर ढकलत होती. ही इथे आधीपासून होती? इतक्या वेळा बघूनही त्याला ती आठवेना. तेव्हा नजर कोटावरून हलतच नसे.

"बाबा, थांबव जरा. हा आपण आपण म्हणतोय, मग चाललाय कुठे?"

पडद्यावर मुलं दरवाजातून बाहेर धावत होती. कप्तान मागे वळून भिंतीच्या आत चालला होता.

"त्याला सगळीकडे लक्ष ठेवायचं असतं."

"आतून कडी लावून?"

त्याने दृश्य मागे नेलं. या खेपेला वाचलं नाही, नुसतं ऐकलं. कप्तानाच्या वाक्यात 'आपण' नव्हतंच. वाक्याला कर्ताच नव्हता. त्या भाषेत तो गाळला तरी चालतो. मराठीत मात्र 'पडलो' की 'पडलात' हे ठरवायला त्याला कर्ता घालणं भाग होतं. ती दुपार त्याला स्वच्छ आठवली. आधी त्याने 'तुम्ही' लिहिलं होतं. पण वाचताना कप्तान दुष्ट वाटायला लागला, म्हणून खोडून 'आपण' केलं.

ते 'आपण' नंतर त्याच्या तोंडात बसलं. वीस वर्षं मैदानावर तेच. आपण रडत नाही. आपण आज दुखणं विसरायचं. शिट्टी गळ्यात अडकवून तो गादीच्या बाजूला उभा असे, आणि उड्या पोरं मारत.

त्याने बर्फाची पिशवी उचलली. गुडघ्याची वाटी सुजेत बुडून गेली होती. सकाळी ही सूज बघून तो "उतरेल" एवढंच म्हणाला होता. त्याने अंगठ्याने हलकेच दाबलं. टिटवी पडद्याकडे बघत राहिली. तिच्या पायाची बोटं तेवढी आत वळली.

"दुखतंय?"

"नाही."

"उद्या जायचं नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांचं बरोबर होतं. माझं चुकलं."

तिचा जीव भांड्यात पडेल असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"एक मीटर पंचेचाळीसची उडी होणार नाही माझ्याच्याने. असंच ना?"

"तसं नाही गं."

"मग कसं? काल म्हणालास, आपलं नाव यादीत पक्कं. आज सूज बघितलीस आणि मी बाद."

"बाद कोण म्हणतंय? बाप म्हणून सांगतोय मी."

"आज?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. दुखण्याकडे बघून थांब म्हणणारा माणूस या घरात तिने कधी पाहिलाच नव्हता. थांब हा शब्द तो फक्त हरलेल्यांना म्हणत आला होता.

"तू नाही आलास तरी चालेल," ती म्हणाली. "मैदान मला माहीत आहे."

ती सोफ्याच्या हाताला धरून उठली आणि न लंगडता आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून उडीआधीच्या पावलांचा आवाज यायला लागला. एक, दोन, आणि तिसऱ्याला धप्प. मग परत पहिल्यापासून. तो दाराशी जाऊन उभा राहिला, हाक मारायला म्हणून. पण कान आधी पावलांकडे गेले. शेवटचं पाऊल बिनचूक पडत होतं.