पांढऱ्या फरशीची धूळ

मी फरशी कापायचं एक जुनं कटर आहे. माझं पातं काढून टाकलंय, वायर गुंडाळलीय आणि मलकापुरात सुरय्याभाभींच्या खाटेखाली, एका पोत्यात मी पडून आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. तरी ऐका, कारण आज ना उद्या तुमच्याही घरात फरशी बसेल.

सुरय्याभाभींचे यजमान जैनुद्दीन मिस्त्री यांनी मला कराडच्या बाजारातून आणलं. नवराबायको दोघंही कामावर असायची. मिस्त्री मला चालवायचे आणि भाभी बाटलीतून माझ्या पात्यावर पाण्याची धार धरायच्या. शहाबादी असो की कडाप्पा, धूळ म्हणून उडायची नाही, नुसता राखाडी चिखल ओघळायचा. काम आटोपलं की मिस्त्री मला कोरड्या फडक्यानं पुसायचे. "हाच आपला बैल," म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग आटपाडीचं काम आलं. बनाबाईंचं घराणं मेंढरं राखणारं. त्यांचा मुलगा इंद्रजित परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरला आणि त्यानं गावी बंगला बांधला. त्याला आरशासारखी पांढरी फरशी हवी होती, दगडाचा चुरा आणि राळ कारखान्यात दाबून केलेली.

"शहाबादी घाल की रं," बनाबाई म्हणाल्या. "पायाला गार लागती, वल्या पायानं घसरत न्हाई."

"आई, तसली लोक गोठ्यात घालत्यात."

मिस्त्रींनीही धीर करून सांगितलं, "शेट, ह्या दगडाची धूळ लय बारीक असती. कापायला पाणी भरपूर लागंल."

"टँकर आठ दिवसांनी येतोय, मिस्त्री. आन भिंतींचा रंग झालाय. चिखल उडाला तर? कोरडंच कापा. दारं तेवढी लावून घ्या, धूळ बाहेर नको."

मिस्त्रींनी दारं लावून घेतली. दोन महिने हाताला काम नव्हतं.

बावीस दिवस त्या बंद खोल्यांत मी कोरडा दगड कापला. समोरची भिंत दिसेनाशी व्हायची. तोंडाला ओढणी आणि रुमाल बांधूनही दोघांच्या थुंकीत पांढरं यायचं. घर झालं तेव्हा लोक लांबून बघायला आले. फरशीत तोंड दिसत होतं. मिस्त्रींचं नाव झालं आणि पांढऱ्या फरशीची कामं एकामागून एक येत गेली. रंगवलेल्या भिंती सगळ्यांनाच जपायच्या होत्या. पाणी कुणी दिलं नाही.

चौथ्या वर्षी मिस्त्री खोकू लागले. टीबीच्या गोळ्या सहा महिने झाल्या, उतार पडेना. अंगावरचा सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसू लागला. शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "काम काय करता?" मग ते हळूच म्हणाले, "फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय. ती बाहेर काढणारं औषध नाही."

ती धूळ मी उडवली होती.

एके दुपारी इंद्रजित दारात आला. वरच्या मजल्याचं काम काढलं होतं, फरशी तीच हवी होती. सोबत बनाबाई होत्या. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते. एक शब्द बोलायचे आणि श्वासासाठी थांबायचे.

"जैनूभाऊ, हे कशानं वो झालं?" बनाबाईंनी विचारलं.

उत्तर भाभींनी दिलं. "पांढऱ्या फरशीच्या धुळीनं."

इंद्रजित गडबडला. "आमच्याकडंच न्हाई कापली त्यांनी. लय ठिकाणी कापली."

"व्हय, लय ठिकाणी," भाभी म्हणाल्या. "पर दारं समद्यांनीच लावून घेतली."

मिस्त्रींच्या छातीचा आवाज येत होता. मग बनाबाई उठल्या. "इंद्रा, वर शहाबादी पडंल. आन कापणाऱ्याला पाणी माझ्या प्यायच्या टाकीतलं दे. न्हाईतर वर नुसता स्लॅबच राहू दे."

इंद्रजितनं मान खाली घालून होकार दिला. मिस्त्रींनी बनाबाईंना हात जोडले. अकराव्या दिवशी ते गेले.

मला विकत मागायला पुष्कळ जण आले. भाभींनी मला कुणालाही दिलं नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. बटण दाबलं की मला फिरावंच लागतं. कोरडं कापू नका, असं मला ओरडून सांगता येत नाही. तुम्हाला येतं. फरशी निवडताना तिची चकाकी बघाल, भाव विचाराल. त्याआधी ती कापताना काय उडतं ते विचारा. साधा दगड चालत असेल तर साधा घ्या. आणि कापणारा दारात आला की त्याला पाणी द्या, खिडक्या उघडा. भिंत पुन्हा रंगवता येते.

गेल्या महिन्यात सुरय्याभाभींच्याही छातीचा फोटो काढला. आत्ता भरदुपारी त्या खाटेवर उठून बसल्या आहेत. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही.