कळसूबाईच्या शिडीला लागलेली दावण

मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, तीन पेडांचा, पंचवीस हात लांब. आमच्या कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात मला चऱ्हाट म्हणतात. आता तुमच्यातला एखादा हसेल, की दोराला कसलं आलंय आत्मवृत्त! शाळेत मोडक्या छत्रीचं आणि फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त दहा मार्कांसाठी लिहिता, तेव्हा हसता का? मग मित्रांनो, आता गुमान ऐका.

माझा जन्म घाण वासात झाला. लपवायचं कशाला? अंबाडी कापतात, तिच्या पेंढ्या नाल्याच्या डबक्यात बुडवतात आणि पंधरा दिवस सडू देतात. त्या वासानं म्हैससुद्धा वाट बदलते. मग साल सोलायची, धुवायची, वाळवायची आणि पीळ द्यायचा. मला पीळ दिला हणमंतप्पांनी. ते माझ्या मालकाचे, अंकुशरावांचे शेजारी, निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी बोलणारे. दुसरं टोक धरलं होतं खुद्द अंकुशरावांनी. तेव्हा त्यांचं नवंच लग्न झालं होतं. दोर तयार झाला तसा त्यांनी मला लिंबाच्या फांदीला बांधलं आणि सोजराबाईंच्या देखत लोंबकळून बघितलं. फांदी मोडली. मी तुटलो नाही. अंकुशराव खाली पडल्या पडल्या म्हणाले, "अण्णा, दोर नंबरी झालाय!" माझं आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

पुढची पंधरा-वीस वर्षं मी केलं नाही असं एक काम राहिलं नाही. कडब्याची गाडी आवळली, तुरीच्या पेंढ्या बांधल्या, विहिरीत पडलेली शेळी वर काढली. बैलांची नावं पाखऱ्या आणि गुण्या. एकदा पाखऱ्या नाल्याच्या पाण्यापुढं पाय रोवून उभा राहिला. अंकुशराव मला धरून ओढायलेत, तीन गडी मागून रेटायलेत, पण तो जागचा हलेना. शेवटी अंकुशरावांनी चिडून गुण्याला मोकळं केलं. गुण्या एकटाच पाणी कापत पलीकडं गेला, मागं वळून हंबरला, आणि पाखऱ्या आपला आपण त्याच्या मागं गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. अंकुशरावांनी ती नुसती सांगितली, ध्यानात ठेवली नाही.

त्याच वर्षांत कधीतरी हुमनाबादच्या जत्रेत त्यांची चार वर्षांची लेक मंजुश्री हरवली. तीन तासांनी सापडली. एका बांगडीवालीच्या पेटीवर बसून ऊस खात होती. तिला काही झालं नव्हतं. जे झालं ते अंकुशरावांना. त्या दिवसापासून कुठंही गर्दीत जायचं म्हटलं की ते मला खांद्यावर टाकत आणि घरच्या सगळ्यांना कमरेला बांधत, एकामागं एक, गोठ्यात दावणीला गुरं बांधतात तसं. मंजुश्रीच्या दहावीच्या परीक्षेला ते असेच निघाले होते. केंद्राच्या फाटकावर एका गुरुजींनी हात जोडले, तेव्हा कुठं त्यांनी पोरीला सोडलं.

मग ट्रॅक्टर आला. बैल गेले. बाजारातून निळं नायलॉन आलं. दोन उन्हाळ्यांत त्याचा पिठासारखा भुगा होतो, पण त्याचा मान काय विचारता! मी खुंटीवर लटकलो. माझ्यात उंदरांनी बाळंतपणं केली. कोंबड्यांनी माझ्यावर बसून जे करायचं ते केलं. कुणी विचारलं नाही, की बाबा, जिवंत आहेस का?

अशी वर्षं गेली आणि एके दिवशी मंजुश्री घरी कागद घेऊन आली. ती आता कडगंचीच्या विद्यापीठात शिकत होती.

"अप्पा, सही करा हितं."

"कशाला?"

"हिमालयात जायलेय. एक महिना. डोंगर चढायला शिकवतेत."

"डोंगर कामून चढायचा? वर काय तूर पेरायची हाय का?"

"अप्पा, साठ पोरांतून निवड झालीय माझी."

"आपल्या तालुक्यात डोंगर हाय का? न्हाई. देवानंच दिला न्हाई. दिला न्हाई म्हंजे गरज न्हाई."

चुलीपुढून सोजराबाई बोलल्या, "देवानं समुद्र बी दिला न्हाई तालुक्याला. मीठ कामून खाताव मग?"

 पण हरणं अंकुशरावांच्या रक्तात नाही. सुपारी चघळत अर्धा तास बसले आणि म्हणाले, "ठरलं. आधी मी चढून बघतो. ल्हान डोंगर दाखवून फसवू नको, म्हाराष्ट्रातला सगळ्यात उंच दाखव. मी वर पोचलो तर सही. न्हाई पोचलो तर कागद चुलीत."

सगळ्यात उंच म्हणजे कळसूबाई. अंकुशराव तोवर फार तर कडब्याच्या गंजीवर चढले होते, आणि तिथून उतरताना शिडी मागितली होती.

ते मला खुंटीवरून काढायला आले, तेव्हा मंजुश्री आडवी आली. "अप्पा, दोर न्हाई. लोक हसतेत."

"दोर न्हाई तर मी न्हाई. मी न्हाई तर सही न्हाई."

हणमंतप्पाही निघाले. "मी न्हाई आलो तर ह्याला परत कोण आणणार?" असं त्यांचं म्हणणं होतं. सोजराबाईंनी चाळीस कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याचा कॅन घेतला. गुलबर्ग्याहून रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग जीप. रविवारी सकाळी आम्ही कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात उतरलो.

मित्रांनो, गर्दी म्हणजे काय विचारता! डोंगरावर माणसांची रांग मुंगळ्यांसारखी लागली होती. अंकुशरावांचे डोळे मोठे झाले. त्यांना हुमनाबादची जत्रा दिसली असणार. त्यांनी मला काढलं आणि बैलाला मारतात तसली गाठ मारत सगळ्यांना बांधलं. पुढं स्वतः, मग मंजुश्री, मग सोजराबाई, शेवटी हणमंतप्पा.

मी कैक वर्षांनी कामावर आलो होतो. छाती फुगली माझी. पण खरं सांगतो, एवढं वाईट काम मी जन्मात केलं नव्हतं. सोजराबाई दम खायला बसल्या की पुढचे दोघं मागं खेचले जात. अंकुशरावांना चेव आला की हणमंतप्पा धावत सुटत. अर्ध्या वाटेवर हणमंतप्पांना लघवीला जायचं झालं. सोडायचं नाही हा नियम. मग काय, हणमंतप्पा झुडपाकडं तोंड करून आणि बाकी तिघं दरीकडं तोंड करून उभे. खालून आलेल्या बाईनं विचारलं, "तिकडं काय दिसतंय?" सोजराबाई म्हणाल्या, "काय न्हाई माय, हवा बघायलोत."

निळ्या टोपीच्या एका पोरानं आमचा व्हिडिओ काढला. त्याच्या पाठीवर एवढी मोठी रंगीत पिशवी, हातात दोन चकचकीत काठ्या, आणि पाण्याची रिकामी बाटली त्यानं माझ्यासमोर झुडपात फेकली. म्हणे निसर्गप्रेमी! आमच्या अंकुशरावांना निसर्गाचं प्रेम वगैरे कळत नाही. त्यांनी ती बाटली उचलली, रॉकेलला बरी म्हणून पिशवीत टाकली. हसायचं कुणाला, ते तुम्हीच ठरवा.

"काका, ही कुठली टेक्निक?" निळ्या टोपीनं विचारलं.

"दावण म्हणतेत हिला," अंकुशराव छाती काढून म्हणाले. "तुला बी बांधू का? मागं जागा हाय."

पहिली लोखंडी शिडी कशीबशी झाली. दुसरी जास्त उभी होती. अंकुशराव सात पायऱ्या चढले आणि त्यांनी आयुष्यातली मोठी चूक केली. दोन पायांच्या मधून खाली बघितलं. सपाट तुरीच्या रानात जन्म गेलेल्या माणसाला पायाखाली अर्धा जिल्हा दिसला तर काय होणार? त्यांची कंबर माझ्या फासात होती. ती थरथरायला लागली ते सगळ्यांत आधी मला कळलं. ते मागच्या पायानं चाचपडत खाली आले आणि शिडीच्या पायथ्याला दगडावर बसले.

"बास. चला खाली."

"अप्पा, थोडंच ऱ्हायलंय."

"मी न्हाई जात. मी न्हाई म्हंजे कुणीच न्हाई. कागद चुलीत."

मागं रांग तुंबली. लोक ओरडायला लागले. "ओ काका, सरका!" "ह्यांना सोडलं कुणी वर?" सोजराबाईंनी बसल्या जागी गाठोडं सोडलं आणि ओरडणाऱ्यांच्या हातात भाकरी-चटणी द्यायला सुरुवात केली. कडक भाकरी तोंडात असली की माणसाला ओरडता येत नाही. पंधरा माणसं गप झाली.

पण मंजुश्री गप झाली नाही. बापाशी ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"तुमी बसलाव म्हणून मी बी बसायचं व्हय? किती दिस? मी हरवले तवा चार वर्षांची होते, अप्पा. आता एकवीसची हाय. तुमी अजून त्या जत्रेतच उभे हाव."

अंकुशराव पायातली वहाण काढून खडा झटकायला लागले, पण मंजुश्री थांबली नाही.

"पाखऱ्या नाल्यात आडला तवा काय केलं होतं तुमी? तुमीच सांगताव ना हजारदा? मग आज मला सोडा. मी पुढं जाते. तुमचं तुमी बघा."

हणमंतप्पा पुटपुटले, "शिव शिव! पोरगी बापाला बैल म्हणायलीय." आणि मग हळूच, "खोटं न्हाई पण."

अंकुशरावांचा हात गाठीकडं गेला. पण सकाळपासून ओढून ओढून गाठ दगडासारखी आवळली होती. बोटं लागेनात. निळ्या टोपीनं खिशातून चाकू काढला. दहा पात्यांचा! "काका, कापून टाका ना, जुनाच आहे."

मित्रांनो, त्या क्षणी माझा पीळ सैल झाला. पंचवीस वर्षं राबलो, उंदरांची बाळंतपणं सोसली, आणि आता ह्या बाटलीफेक्याच्या हातून मरण?

"ए, ठेव ते," अंकुशराव गरजले. "दोराचा काय गुन्हा? गाठ मी मारलीय."

आणि ते वाकले, लेकीच्या कमरेची गाठ त्यांनी दातांत धरली. डाव्या बाजूला त्यांना दात नाहीत, म्हणून उजव्या दाढेनं. शंभर लोकांसमोर. कुणी हसलं नाही. तोंडात भाकरी होती म्हणूनही असेल. गाठ एकदाची सुटली. मग बाकीच्यांच्याही सोडल्या.

मंजुश्री शिडी चढून गेली. एकटी. वर पोचून तिनं खाली बघितलं आणि बैलाला हाळी देतात तशी हाळी दिली, "हो रं राजा, हो! च्यक च्यक!"

सगळी रांग हसली. अंकुशरावही हसले, आणि हसता हसता उठले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मागं बघितलं नाही. सोजराबाई पदर खोचून त्यांच्या मागं.

आता तुम्हाला वाटत असेल, की मी शिखराचं वर्णन करणार. कळसूबाईचं देऊळ, ढग, वारा वगैरे. मी काय सांगू? मी वर गेलोच नाही. हणमंतप्पांच्या गुडघ्यांनी संप केला होता. ते शिडीखाली बसले आणि मी त्यांच्या मांडीवर. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण हणमंतप्पा माझा एक उसवलेला पेड बोटांनी सरळ करत बसले होते. इतक्या वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता.

वर काय झालं ते उतरताना ऐकलं. अंकुशराव देवळापुढं पोचले, देवीला नारळ फोडला आणि लगेच म्हणाले, "आण कागद." पण पेन कुणाकडंच नाही. शंभर माणसं, शंभर मोबाईल, पेन एक नाही. शेवटी सोजराबाईंनी देवीच्या पुढ्यातलं कुंकू थेंबभर पाण्यात कालवलं. आणि ज्याला झोकात सही येते, त्या माणसानं कागदावर लाल अंगठा उठवला. पेन मिळेस्तोवर मन बदलेल, अशी त्यांना स्वतःचीच भीती वाटली असावी.

कडगंचीला कारकुनानं तो कागद उलटासुलटा करून बघितला. "वडील शिकलेले न्हाईत व्हय?"

मंजुश्री म्हणाली, "शिकायलेत, सर."

आता ती हिमालयात आहे. तिथं चकचकीत दोर असतात म्हणे, हत्ती पेलणारे. असू देत. मी परत खुंटीवर आहे, पण आता रोज खाली उतरतो. संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला की अंकुशराव मला हातात घेतात. ती बोलत असते तोवर माझ्या टोकाला गाठ मारतात, सोडतात, परत मारतात, परत सोडतात. सराव चाललाय.

तर मित्रांनो, घरातला दोर ओलीत टाकू नका, उंदरांपासून वाचवा, आणि जुना झाला म्हणून कुणा दीडशहाण्याला त्याच्यावर चाकू चालवू देऊ नका. माणसाला बांधायची फारच हौस असेल, तर आधी स्वतःच्या कमरेला दोर बांधून दोन तास डोंगर चढा. आणि गाठ मारायचीच असेल, तर बोटांनी सुटेल अशी मारा. दातांवर पाळी आणू नका.

अंकुशरावांची उजवी दाढ अजून दुखते.