केकवर 'हॅपी' नको

मेणबत्त्या नकोत, फुगे नकोत आणि 'हॅपी' तर मुळीच नको. फक्त 'बर्दिया' एवढं नाव लिहा. अशी ऑर्डर देऊन ती बाई जिना चढून गेली, तेव्हाच मी जुलियानाला म्हटलं, "ही काहीतरी लपवतेय."

"बिलकीस, तुला तर गॅसवालासुद्धा काहीतरी लपवणारा वाटतो."

"लपवतच होता. सिलिंडर अर्धा निघाला."

जुलियाना वसईची. इथे मस्कतला, दार्सैतमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि घरी केक करून विकते. आम्ही रत्नागिरीकडचे. इमारतीच्या खाली माझ्या दिराचं, शाहिदचं, किराणा दुकान आहे आणि त्याचा हिशेब मी ठेवते. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती हिशेबात उचंत खात्यात टाकून ठेवतात. कळलं की मग योग्य जागी न्यायची. माणसांचंही मी तेच करते, आणि झरीन ही इराणी बाई वरच्या मजल्यावर राहायला आल्यापासून उचंत खात्यातच पडून होती.

कारणं होती ना. पडदे कायम ओढलेले. लिफ्टमध्ये फोन वाजला की नाव बघायची आणि बंद करायची. "तुम्ही कुठल्या?" विचारलं तर आधी विचारायची, "का?" तिचं इंग्लिश आणि आमचं इंग्लिश सारखंच मोडकं, त्यामुळे बोलणं जमायला हरकत नव्हती. पण मुलगा काय करतो विचारलं, तर "शिराझला असतो" म्हणाली आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने गेली. आणि आता त्याच मुलाचा बाविसावा वाढदिवस, केकवर 'हॅपी' नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी केक तयार होता. पांढरा, कडेला पिस्त्याचा चुरा, वर हिरव्या इंग्लिश अक्षरांत बर्दिया. मी चव बघायला म्हणून गेले होते, तेवढ्यात जुलियानाच्या फोनवर अनोळखी नंबरचा मेसेज आला. लिहिणारा झरीनचा दीर, मसूद. नावाच्या आधी अजून एक शब्द घालायचा आहे म्हणे, आणि न्यायला तो स्वतः येणार.

जुलियानाने इंग्लिश अक्षरं लावत वाचलं, "शाहिद बर्दिया. अगं, हे तर तुझ्या दिराचं नाव! मुलाला दोन नावं आहेत वाटतं."

तिने क्रीमचा कोन हातात घेतलासुद्धा.

"थांब," मी म्हटलं. "आधी तिला विचार. दिरांचा मला अनुभव आहे."

जुलियानाने फोन लावला. "मॅडम, मुलाचं पूर्ण नाव शाहिद बर्दिया, बरोबर ना?"

पलीकडून फोन कट झाला, आणि थोड्याच वेळात झरीन दारात उभी. हाताला भांड्यांच्या साबणाचा फेस तसाच. आत येऊन तिने पहिल्यांदा दार लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोणाला काय सांगितलंत?"

मी बोलते पुष्कळ, केकचंही लिफ्टमध्ये दोघातिघांना सांगितलं होतं, पण कोणी तोंडावर असं विचारलं की राग येतोच. जुलियानाने मेसेज पुढे केला. झरीनने तो वाचला, पुन्हा वाचला.

"शाहिद म्हणजे आमचा खालचा दुकानदार," जुलियाना समजावू लागली. "मला वाटलं, तसंच नाव..."

"नाव नाही ते," झरीन म्हणाली. "शहीद."

मग ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि सांगितलं. बर्दिया गेल्या हिवाळ्यात गेला. शिराझमध्ये मोर्चा होता, त्यात तो होता, आणि गोळी समोरून, पोलिसांकडून आली होती. मुलगा ताब्यात द्यायच्या आधी तिकडच्या सरकारी माणसांनी कागद पुढे केला. 'हा सरकारच्याच बाजूचा मुलगा, याला दंगेखोरांनी मारलं, हा शहीद आहे', खाली आईबापांची सही. बापाने केली. हिने केली नाही. म्हणून ती आता मस्कतला, दिराने घेऊन दिलेल्या फ्लॅटमध्ये, आणि नवरा तिकडे.

"गेलेल्या मुलाचाही वाढदिवस करतात आमच्यात," ती केककडे बघत म्हणाली. "मला फक्त त्याचं नाव हवं होतं."

"पण शहीद म्हणजे मोठा मान ना?" जुलियानाने भीत भीत विचारलं. "आमच्या चर्चमध्येसुद्धा..."

"मोठा आहे. म्हणून तर ज्यांनी मारलं, त्यांनाच तो द्यायचाय."

बेल वाजली.

मसूद कोटात होता. मस्कतच्या उन्हात, दुपारी, कोटात! मी लगेच नोंद केली. हातात मिठाईचा डबा, तोंडात सलाम, आणि नजर आमच्या तिघींवरून थेट केकवर. तिथे एकच नाव.

"मी मेसेज केला होता," तो जुलियानाला म्हणाला.

जुलियानाने डोळे मोठे केले. "शाहिद ना? तो खाली दुकानात बसलाय. बोलावू?"

तो हसला नाही. झरीनकडे वळून फारसीत भराभर बोलू लागला. झरीनने हात वर केला. "इंग्लिशमध्ये बोल. यांच्यासमोर बोल."

"परक्या बायका आहेत या."

"म्हणूनच."

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी पदर नीट केला आणि हलले नाही.

"एक फोटो हवाय," तो शेवटी म्हणाला. "केकवर तो शब्द आणि शेजारी तू. आईनेही मान्य केलं, एवढं त्यांना दिसलं की माझ्या मुलाला, नवीदला, सोडतील."

झरीन खुर्चीवरून उठली.

"नवीदला पकडलंय?"

"महिना झाला."

"आणि मला आज सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

"नाही."

"आता ठेवतेस?"

झरीन त्याचा चेहरा निरखू लागली. मीही निरखला. मुलगा तुरुंगात असलेला बाप असा दिसतो की असा दिसायला शिकलेला माणूस असा दिसतो, ते मला ठरवता येईना. कोट, मिठाईचा डबा आणि मुलगा, सगळं उचंत खात्यात.

आणि तिच्यापुढे काय होतं? शब्द घातला तर गेलेल्या मुलाला त्यांच्या हवाली केल्यासारखं. नाही घातला आणि हा खरं बोलत असला, तर जिवंत असलेला पुतण्या जाणार.

मग झरीनने अचानक मला विचारलं, "तुमच्या दिराच्या नावाचा अर्थ काय?"

"शाहिद? साक्षीदार," मी म्हटलं. "ज्याने डोळ्यांनी बघितलं तो. आमच्या शाहिदला मात्र समोर ठेवलेली मिठाची पिशवी दिसत नाही."

"आमच्यातही तोच अर्थ. इंग्लिशमध्ये कसं लिहितो तो?"

जुलियानाने फोनमध्ये शाहिदचा नंबर काढून दाखवला. झरीनने तो मसूदच्या मेसेजशेजारी धरला. इकडे शाहिद, तिकडे शहीद, आणि इंग्लिश अक्षरं अगदी तीच.

"लिहा," ती जुलियानाला म्हणाली. "दुकानदाराचं नाव लिहा."

जुलियानाने कोन उचलला. हिरवी अक्षरं उमटत गेली. मसूदच्या कपाळावर आठी आली. हवं ते मिळत होतं, तरी तो झरीनकडे असा बघत होता की जणू दुकानदाराने न मागता वजनात जास्त घातलंय.

"शहीद बर्दिया," त्याने वाचलं.

"तू तसं वाच," झरीन म्हणाली.

त्याने पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज न करता, आणि पहिला स्वर यावेळी लांब होता. त्याला कळलं. आता हा केक उधळेल, असं वाटून जुलियानाने चाकू मागे सरकवला.

तो म्हणाला, "इंग्लिशमध्ये फरक दिसत नाही," आणि फोन वर केला.

झरीन केकशेजारी उभी राहिली. तिने मान खाली घातली नाही. हा फोटो पुढे जो कोणी बघणार होता, त्याच्या डोळ्यांत बघितल्यासारखी सरळ बघत राहिली.

"किती काढलेस? दाखव."

"एकच."

तिने फोन घेऊन खात्री केली. मग बोट सरकवलं, आणि मागच्या फोटोवर थांबली. एक तरुण मुलगा, हातात कलिंगड.

"नवीद. कधीचा आहे हा?"

"जुना," मसूद म्हणाला. "नवा नाहीये माझ्याकडे."

तिने फोन परत दिला. तो मिठाईचा डबा टेबलावरच ठेवून निघून गेला. गेल्यावर झरीनने स्वतः केक कापला. नाव आणि त्याच्या आधीचा शब्द यांवरून चाकू जाऊ न देता, कडेकडेने. एक तुकडा पेपर प्लेटमध्ये घालून माझ्या हातात दिला. "खाली द्या. ज्याचं नाव घेतलं, त्याला."

शाहिदने अर्धा तुकडा एका घासात संपवला. "कोणाचा बर्थडे, भाभी?"

"वरच्या मजल्यावरच्या मुलाचा."

"मग त्याला हॅपी बर्थडे सांगा माझ्याकडून."

तो बोटं चाटत काचेतून बाहेर बघत होता. "तो कोटवाला कोण हो? मघापासून गाडीत बसलाय. फोन हातात धरलाय, पण ना बोलतोय, ना काही टाइप करतोय."

आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाला काहीतरी दिसलं होतं.

"बघत राहा," मी म्हटलं.