व्हर्नाची खातरजमा

“बाई माझ्यापुढे बसलीय, चर्चमध्ये वीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गातेय, आणि मी तिच्या घरी फोन करून विचारायचं, की ही तीच का,” बँकेत कर्जाचे अर्ज पाहणारी मार्लीन पुटपुटली.

व्हर्नाने कोटाची कॉलर वर ओढली. ओहायोतली जानेवारीची थंडी, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडलेली, आणि नवीसाठी आज कर्ज मंजूर झालं नाही तर रात्री नळ गोठून फुटणार.

अडचण तिनेच ओढवून घेतली होती. मागे कुणीतरी तिच्या नावावर क्रेडिट कार्ड काढून उधळपट्टी केली, तेव्हा तिने आपल्या क्रेडिट अहवालावर इशारा लावून घेतला: माझ्या नावाने कर्ज देण्याआधी या नंबरवर विचारा. नंबर दिला घरचा. पोलिसांत मात्र गेली नाही. का, ते गावात कुणी विचारलं नाही. ‘परदेशातले चोर’ म्हणून सगळे माना डोलवत.

मार्लीनने स्पीकर लावला. पलीकडे व्हर्नाचा नवरा ड्वेन. अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, हे व्हर्नानेच त्याला घोटून घोटून शिकवलेलं. त्याने त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता.

“व्हर्ना वारली,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मार्लीनने संगणकाकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. मेलेल्या अर्जदारासाठी वेगळा रकाना होता म्हणे.

दुसऱ्यांदा व्हर्ना स्वतः बोलली. पण हल्ली यंत्रं हुबेहूब आवाज काढतात, हे ड्वेनने टीव्हीवर पाहिलं होतं. तिने त्याच्या घोरण्याचं सांगितलं. ते शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे, म्हणाला. लग्नात केक पडल्याचं सांगितलं. त्याचे फोटो फेसबुकवर आहेत, म्हणाला. मार्लीनही आता पुढे झुकून ऐकत होती.

“व्हर्ना असशील तर असं काहीतरी सांग,” ड्वेन म्हणाला, “जे आपल्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही.”

फोनमधून त्याचे थंडीने वाजणारे दात ऐकू येत होते. व्हर्नाने मार्लीनकडे पाहिलं नाही.

“ते कार्ड आपल्या पोराने, डस्टिनने काढलं होतं, ड्वेन.”