दिव्यांखालून जाताना

राजाजीनगरातल्या आपल्या बुटक्या हॉलात देवव्रतानं घमेल्याएवढे तीन दिवे टांगले, तेव्हा त्याच्या बायकोनं, सौम्यानं, कपाळाला हात लावला. "अहो, हे हॉटेलात शोभतात!" पण हा ऐकतोय कुठला? त्याच्या साहेबांच्या, उपेंद्र सरांच्या घरी त्यानं तसलेच बघितले होते, आणि बढती सरांच्या हातात होती. तिथं दिव्यांखाली जेवणाचं टेबल होतं. इथं खालून जायची वाट होती.

नवराबायको दोघंही बेताच्या उंचीची, त्यांना काही वाटेना. पंचाईत झाली ती देवव्रताच्या वडिलांची. मल्हारराव, म्हणजे अण्णा, सत्तरीतही ताठ, सहा फुटांचा गडी. पहिल्याच दिवशी दिव्याची कड कपाळावर बसली.

"स्वल्प वर घे रे बाबा," ते म्हणाले.

"अण्णा, वर घेतले की शोभाच जाते."

"सरी," असं 'बरं' म्हणावं तसं कानडीत म्हणून अण्णा वाकून चालू लागले.

उपेंद्र सर जेवायला आले. दिवे बघून "वा!" म्हणाले, तशी देवव्रताची छाती फुगली. तेवढ्यात अण्णा आतून आले, कमरेत वाकून, एका दिव्याखालून दुसऱ्याखाली. सर हळहळले, "अरेरे, वडिलांना पाठीचा त्रास आहे का?"

आता खरं सांगायला काय धाड भरली होती? दिवे खाली आलेत सर, माझंच चुकलं, एवढंच तर म्हणायचं! पण नाही. "हो ना सर," देवव्रत म्हणाला, "वय झालं. कंबरच वाकली."

अण्णा शेवटच्या दिव्यापलीकडं आले होते, सरळ होणार तोच हे कानावर पडलं. ते तसेच वाकलेले राहिले. तसेच जेवले, तसेच सरांना निरोप द्यायला दारापर्यंत गेले. सर गेल्यावर अण्णांचे पाय धरू, असं देवव्रतानं ठरवलं. सर गेले, आणि हा ताटं उचलायच्या निमित्तानं आत सटकला. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात शिवजयंती. मिरवणुकीत भगवा दरवर्षी अण्णांच्या हातात असायचा. यंदा त्यांनी तो शेजारच्या अरविंदाकडं दिला आणि स्वतः कडेकडेनं वाकून चालू लागले. देवव्रत धावत गेला. "अण्णा, सरळ व्हा की! इथं कुठं दिवे आहेत?"

"हळू बोल," अण्णा म्हणाले. "तुझे साहेब आलेत बघायला. खोटा पडशील."

देवव्रतानं वळून बघितलं. खरंच, उपेंद्र सर गर्दीतून त्यांच्याकडंच येत होते. अण्णांनी मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि आधार घेतल्यासारखं अंग त्याच्यावर सोडलं. रडू आवरता आवरता देवव्रताची पुरेवाट झाली.

सर जवळ आले, दोघांकडं बघून गहिवरले. "किती जपता हो वडिलांना!"

देवव्रताला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण खरं बोलला नाही तो, तेव्हाही.