हसाल तर उघडेन

ऑफिसच्या दाराला कॅमेरा बसला, त्या दिवशी साहेबांनी भाषण ठोकलं. यंत्र म्हणे नुसता चेहरा ओळखत नाही, चेहऱ्यावरचा आनंदसुद्धा मोजतं! येताना हसा, जाताना हसा, तरच दार उघडणार. हसरा माणूस जास्त काम करतो, असं कुठल्याशा संशोधनात सिद्ध झालंय. कुणी सिद्ध केलं, ते विचारायची सोय नव्हती. इतकी वर्षं बिचारं कुलूप किल्लीवर समाधान मानत होतं, पण विज्ञान काय थांबतंय होय?

पंचाईत झाली एरंडेलरावांची. नकाशे काढणाऱ्या या गृहस्थांचा चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून ऑफिसने ठेवलेलं हे नाव. माणूस लाखातला, पण हसण्याचं नाव नको. रोज सकाळी ते दारासमोर ओठ ताणून उभे राहायचे आणि दार म्हणायचं, "अजून थोडं!" मागे रांग खोळंबायची. शेवटी कसंबसं तोंड वेंगाडून आत शिरायचे आणि मग बराच वेळ गाल चोळत बसायचे.

एका दुपारी धाकट्या बहिणीचा हॉस्पिटलातून फोन आला.

"दादा, आईचं काही खरं नाही. सारखी तुझंच नाव घेतेय. असशील तसा ये."

हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून. राव धावतच दाराशी गेले.

"आज आपण जरा उदास दिसताय," दार मंजुळ आवाजात म्हणालं. "एकदा छान हसा बघू!"

"अरे, आई मरतेय माझी!"

"अजून थोडं!"

साहेब धावले. यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला, तर आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे. वीज घालवली, तर दार सुरक्षिततेसाठी आणखीच घट्ट बसलं. मागच्या जिन्यात यंत्राचीच रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली. दार फोडावं, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. महागाची वस्तू ना ती!

"हसा हो राव," साहेब काकुळतीला आले. "दोन सेकंदांचा तर प्रश्न."

"मग तुम्हीच हसा ना!"

साहेब कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. दात दाखवले, पण शेजारी उभ्या रावांकडे नजर गेली आणि ओठ आपोआप मिटले. हिशेबनीस पुढे झाला, त्यालाही जमेना. रिसेप्शनवाली तर पगारच हसण्याचा घ्यायची, तीही मान खाली घालून बाजूला झाली. एवढं भरलेलं ऑफिस, पण एकाच्याही तोंडावर दारापुरतं हसू फुटेना. राव दारावर मुठी आपटत होते.

फोन पुन्हा वाजला.

"दादा, आता धावत नको येऊस," बहीण म्हणाली. "आई गेली."

एरंडेलरावांचे ओठ फाकले. गाल वर चढले, डोळे घट्ट मिटले, सगळे दात उघडे पडले. घशातून आवाज म्हणून फुटेना.

"वा! किती सुंदर!" दार म्हणालं आणि सताड उघडलं. "दिवसभर असेच आनंदी राहा."