वाढत्या अंगाची सायकल

सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. तिच्याकडं बघितलं की माझा मलाच राग येतो, आणि दिवसातून दहा वेळा बघावं लागतं, कारण घराबाहेर पडायची वाट तिच्या शेजारूनच जाते. विकावी म्हटलं तर घ्यायला कोणी येत नाही.

मी बिराप्पा. गाव म्हसवडच्या पलीकडं. बापजाद्यांनी मेंढरं राखली, मी फौजेत गेलो आणि वीस वर्षं नोकरी करून गेल्या साली घरी आलो. गाव मला मेजर म्हणतं. सुटलो तेव्हा हवालदार होतो, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.

माझी सोनम सायकलच्या शर्यतीत उतरते. साताऱ्याला अठराच्या आतल्या मुलींची निवड चाचणी होती. निवड झाली की राहणं, खाणं, शिकवणं सगळं तिथंच. सोनमला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होणार, म्हणजे ही शेवटचीच खेप. शाळेनं तिला एक जुनी रेसिंग सायकल वापरायला दिली होती. ब्रेक दाबला की ती मांजराचं शेपूट चेंगरल्यासारखी ओरडायची. मी घरात असताना पोरीनं मागून आणलेली सायकल चालवावी, हे मला खुपायचं.

माधवनगरला विश्वजित म्हणून एक जुना शर्यतवाला आपली सायकल विकतोय असं कळलं. चाचणी रविवारी होती. गुरुवारी मी एसटीनं सांगली गाठली आणि तिथून माधवनगर. सोनमला नेलं नाही. तिला अचानक दाखवायची होती, एवढीच हौस.

सायकल बारा-तेरा वर्षांची, निळा रंग हँडलपाशी उडालेला. मी रायफल तपासावी तशी तपासली. चाकं फिरवली, फ्रेमला कुठं तडा आहे का ते बोट फिरवून पाहिलं. चेन नवी होती, ब्रेक मुकाट लागत होते. खोट काढायला जागा नव्हती.

"मेजर, पोरगी उंचीला किती हाय?" विश्वजितनं विचारलं.

"पाच फूट एक."

"मग ही मोठी हुईल तिला. माझ्या मापाची हाय ही. पोरीला घिऊन या, बसवून बघू. न्हाई बसली तर बारकी हुडकून देतो मी, पंधरा दिवसांत."

पंधरा दिवस कुठले आणायचे? "वाढत्या अंगाची हाय ती," मी म्हणालो.

"वय?"

"सतरा."

तो जरा घुटमळला. "मेजर, पोरींचं अंग लवकर..."

"माझी पोरगी मला म्हाईत हाय."

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. समोरच्या टपरीवर चहा घेत अर्धा तास बसलो. माझी आई अंबूबाई कोकरू निवडताना सांगायची, हाड बघून घ्यावं, मांस मागनं चढतं. मीही सुट्टीवर येताना सोनमला कपडे एक माप मोठेच आणायचो, आणि पुढच्या सुट्टीला ते तिच्या अंगाला बरोबर बसलेले असायचे. आजवर माझं माप कधी चुकलं नव्हतं. उठलो आणि सायकल घेतली.

शुक्रवारी सकाळी शाळेची सायकल मी स्वतः नेऊन दिली. ताठ मानेनं दिली. शाळेनं ती त्याच दिवशी चाचणीला निघालेल्या दुसऱ्या मुलीला देऊन टाकली.

सोनम निळ्या सायकलवर बसली. सीट पार खाली केली तरी पाय पुरता पोचेना. देवळापर्यंत जाऊन आली. माझी बायको माया दारातून बघत होती. "आवं, तिची कंबर बघा कशी हलतीया दोनी अंगाला."

"हुईल सवय," मी म्हणालो.

सोनमनं माझ्याकडं बघितलं आणि हसून म्हणाली, "जमतंय, पप्पा."

रविवारी वीस किलोमीटरची शर्यत झाली. चौघींना घ्यायचं होतं. शेवटच्या रेषेपाशी मी उभा होतो, तेव्हा तिसऱ्या नंबरवर आलेल्या मुलीनं ब्रेक दाबला आणि तो ओरडला. तो आवाज मी ओळखला. सोनम सातवी आली. सायकलवरून उतरल्यावर तिला सरळ उभं राहता येईना. मी पुढं होऊन तिला धरलं.

दुपारी घरी आल्यावर ती पाणी प्यायला आत गेली आणि मी दाराच्या चौकटीपाशी थांबलो. दर सुट्टीला तिला तिथं उभी करून मी पेन्सिलीनं रेघ मारायचो आणि बाजूला तारीख लिहायचो. खालच्या रेघा चार-चार बोटांच्या अंतरावर आहेत, मग बोट-बोटभर. सगळ्यात वर एकच जाड रेघ आहे आणि तिच्या शेजारी तीन तारखा, तीन दिवाळ्यांच्या. तिन्ही वेळा मी पेन्सिल त्याच जागी टेकवली होती आणि तिन्ही वेळा म्हणालो होतो, बघ, किती वाढलीस.

सोनम मागं येऊन उभी राहिली. "नववीतच थांबलीया मी, पप्पा."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"तुमी वरसातनं एकदा यायचा," ती म्हणाली. "तुमी आणलेलं कपडं आई आत शिवून बारकं करायची. तुमी वाढलीस म्हणायचा, की मी व्हय म्हणायचे."

तिनं तांब्या जागेवर ठेवला आणि पाय शेकायला चुलीपाशी गेली.